जोडसायकल आणि तीन बाजूंचं पाणी

आमची सायकल मुळात दोन सायकली होत्या. पुढचा अर्धा भाग माझ्या लेडीज सायकलचा आहे आणि मागचा अर्धा यांच्या जुन्या, काळ्या, जडशीळ सायकलचा. मधे जिथं जोडलंय तिथं वेल्डिंगचे जाड वण आहेत. आमच्या गावात तिला कुणी डबलडेकर म्हणतं, कुणी रेल्वे म्हणतं. शाळेतली पोरं मला ऐकू येणार नाही अशा बेतानं ‘बाईंचा ट्रॅक्टर’ म्हणतात, ते मला ऐकू येतं.

हे फौजेत होते. माझं माहेर आटपाडीकडचं, माळाचं, मेंढरांचं. सासर कृष्णाकाठचं, उसातलं. लग्न होऊन आले तेव्हा चारी बाजूंनी हिरवं बघून मला गुदमरल्यासारखं झालं होतं, कारण लांबचं काही दिसायचंच नाही. हे सुट्टीवर आले की पहाटे उठून मला सायकलवर मागं बसवायचे आणि उसातल्या पाणंदीनं नदीवर न्यायचे. “हितनं दिसतंय बग लांबचं,” म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या सकाळी नदीवर काय काम असतंय यांचं? काम काहीच नसायचं.

पुढं सुट्टीतच एकदा दिवेलागणीला हे दारातल्या बैलगाडीच्या जुवावर धडकले. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर धडकले तेव्हा कुणी हसलं नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, हळूहळू वाढत जाणारा, औषध नसलेला. फौजेनं त्यांना घरी पाठवलं. आधी संध्याकाळचं दिसेना. मग दिवसाही नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसायला लागलं आणि ती नळीही बारीक होत गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मी हायस्कूलला मराठी शिकवते. शाळेतून घरी यायचे तेव्हा हे गोठ्यात बसलेले असायचे. धार काढणं त्यांनी कधी सोडलं नाही. दोन्ही म्हशी त्यांना हातानं ओळखू यायच्या आणि त्याही यांच्याशिवाय कुणाला पान्हा सोडायच्या नाहीत. पण गोठा आणि घर यांच्यापलीकडं हे जाईनात. पांढरी काठी आणलेली होती, ती घडी घालून माळ्यावर ठेवली. “लोकं बगत्यात,” म्हणायचे. एकदा वैतागून मी म्हणाले, “तुमाला कुटं दिसतंय ते बगत्यात का न्हाई?” बोलून बसले आणि जीभ चावली. हे मात्र हसले. हसले, आणि परत तसेच गोठ्यात जाऊन बसले.

यांचा एक फौजेतला दोस्त आहे, मेढ्याच्या पलीकडच्या डोंगरातला. फौजेत गाड्या दुरुस्त करायचं काम होतं त्याचं, आता मेढ्यात गॅरेज आहे. मी त्यांना भावजी म्हणते. दसऱ्यानंतर एकदा ते जीप घेऊन आले. यांच्याशी तासभर बोलत बसले, म्हणजे भावजीच एकटे बोलत होते. हे नुसतं व्हय आणि न्हाई. मग उठून भावजी म्हणाले, “वैनी, याची सायकल कुटाय?”

सायकल शेडात होती. तिच्याशेजारी माझीही होती आणि माझ्या सायकलच्या बास्केटात कोंबडी अंड्यावर बसलेली होती. भावजींनी दोन्ही सायकली फिरवून बघितल्या, कोंबडीला अंड्यांसकट पाटीत बसवलं आणि सायकली जीपवर टाकल्या. “काय करणार हाय?” मी विचारलं. “बगाच तुमी,” म्हणाले. मला वाटलं भंगारात घालणार असतील.

थंडी सुरू झाली तेव्हा ते आले ते हे जोडकाम घेऊन. पुढचं हँडल, ब्रेक माझ्या ताब्यात. मागं यांचं सीट, समोर धरायला नुसता एक आडवा पाइप, तो वळत नाही. दोन्ही पायडलं एकाच साखळीच्या नात्यात. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. हे दारातच उभे होते. “मी न्हाई बसत,” म्हणाले. “तमाशा हाय का काय?”

“गड्या,” भावजी म्हणाले, “बसतूस का उचलून ठिवू?”

हे बसले. बसताना दोन्ही हातांनी आधी सगळी सायकल चाचपून घेतली. माझ्या सीटवर हात आला तेव्हा म्हणाले, “हे तुजंच हाय की. फाटल्यालं.” तेवढं बोलले आणि पाय पायडलवर ठेवला.

पहिल्याच दिवशी आम्ही उकिरड्यात गेलो. दुसऱ्या दिवशी उसाच्या ट्रॉलीला बघून मी इतकी घाबरले की ब्रेक दाबायचा विसरून “आवं, थांबा!” म्हणून ओरडले. थांबवायचं माझ्याच हातात होतं हे मागून यांनी मला मोठ्यानं सांगितलं. सगळ्यात त्रास पायांचा. हे जोरात मारायला लागले की माझे पाय आपोआप गरगरायचे, मला थांबताच यायचं नाही. “आवं, हळू!” “तू मार की जोरात!” असं आमचं भांडण सकाळी सगळ्या पाणंदीला ऐकू जायचं. मग आम्ही खुणा ठरवल्या. खड्डा आला की मी ‘गचका’ म्हणायचं, चढ आला की ‘चढाई’ आणि थांबायचं असलं की फौजेतलं ‘रोको’. कुत्रं आलं तर काही म्हणायचं नाही, नुसतं जोरात मारायचं.

संक्रांतीपर्यंत आम्ही नदीपर्यंत जायला लागलो. यांचं बोलणं वाढलं, जेवण वाढलं. फाल्गुनात भावजींचा फोन आला. “आता आमच्याकडं या. हितं रोडला ट्रॅफिक न्हाई, ऊस न्हाई, कुत्रीबी कमी. तीन बाजूला पाणी आन् मधनं रस्ता.”

भावजींचं गाव कोयना धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या एका लांब पट्ट्यावर आहे. भूगोलात त्याला द्वीपकल्प म्हणतात. मी शाळेत शिकताना तो शब्द पाठ केला होता, पण द्वीपकल्पावर कधी पाय ठेवला नव्हता. समुद्रही बघितलेला नव्हता. यांनी बघितला होता. केरळात पोस्टिंग होतं तेव्हा ते तिथल्या समुद्राविषयी पत्रातून लिहायचे आणि शेवटी लिहायचे, तुला दाखवणार आहे. ते राहूनच गेलं होतं.

जीपच्या टपावर सायकल बांधून आम्ही निघालो. मेढ्यानंतर घाट लागला, माझ्या कानांना दडे बसले. वर खिंडीत आलो आणि एकदम खाली, डोंगरांच्या मधे मधे, पाणी दिसलं. इतकं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. आमच्या आटपाडीकडं पाणी म्हणजे टँकर, हौद, कळशी, आणि फार तर तलावाच्या तळात साठलेलं. हे डोंगराच्या प्रत्येक बेचक्यात शिरलेलं होतं आणि त्याला शेवटच दिसत नव्हता.

मागून यांचा आवाज आला, “आलं का पाणी?”

“आलं.”

“कसं हाय?”

“लय हाय,” मी म्हणाले.

भावजी इतके हसले की जीप बाजूला घ्यावी लागली.

रात्री त्यांच्या घरी मुक्काम केला. सकाळी भावजींच्या घरच्या वहिनींनी नाचणीची भाकरी आणि धरणातला मासा खायला घातला, फडक्यात बांधून शिदोरी दिली. भावजी म्हणाले, “मी मोटरसायकलनं पुढं टोकाला जाऊन थांबतो. रस्ता एकच हाय, चुकायचं म्हटलं तरी चुकायचा न्हाई. तुमी दोगं निवांत या.”

उन्हं नुकतीच डोंगराच्या वर आली होती. रस्ता त्या जमिनीच्या कण्यावरून जात होता, लाल मातीचा, मधे मधे डांबराचे तुकडे असलेला. डावीकडं उतारावर झाडी आणि झाडीतून पाणी, उजवीकडंही तसंच. काटेसावरीला एक पान नव्हतं, नुसती लालभडक फुलं, आणि त्यांत पक्ष्यांची झुंबड. अंजनीच्या झुडपांना फांदीलाच चिकटून निळी जांभळी फुलं आली होती, गावातल्या बायका अंबाड्याभोवती मोत्यांची माळ गुंडाळतात तशी. मी बघत होते आणि पायडल मारत होते. पाय आपोआप चालत होते कारण मागून हे मारत होते.

“सांग की,” हे म्हणाले.

“काय?”

“काय दिसतंय ते.”

“लय सुंदर हाय,” मी म्हणाले.

थोडं अंतर गेलं. “सांग की,” परत म्हणाले.

मग मी सुरू केलं. डावीकडं निळंशार पाणी पसरलेलं आहे. हिरवीगार वनराई आहे. पक्ष्यांचा किलबिलाट चालू आहे. सूर्याची सोनेरी किरणं पाण्यावर पडली आहेत.

“रोको,” हे म्हणाले.

मी ब्रेक दाबला. वाटलं पायात गोळा आला असेल.

“तू मला निबंध सांगतीयास,” हे म्हणाले. “सोनेरी किरणं! दहावीच्या पोरीनं लिवलं तर तूच त्येच्यावर लाल रेघ मारशील. मला काय दिसलं ह्यातनं?”

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला. मी म्हणाले, “मग दुसरं कुणीतरी आणा सांगायला. मी काय पाण्यात वाढल्याली बाई न्हाई. मला न्हाई येत.” आणि पुढं बघून गप्प बसले. सायकल निघाली. मी खड्ड्यालाही ‘गचका’ म्हणाले नाही, हे मागं उडत होते, तरी काही बोलले नाहीत.

शेवटी हेच म्हणाले, “उजव्या अंगाला पाणी जवळ आलंय. गालाला गार लागतंय.” मी बघितलं. खरंच होतं, पाण्याचा एक फाटा झाडीतून आत रस्त्याजवळ शिरला होता. “आन् आता लाटांचा आवाज येतोय,” हे म्हणाले. “काठावर आपटत्यात बग.”

मला हसू आवरेना. रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचं वावर होतं, वाफ्यांवर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद एका टोकाला सुटला होता आणि वाऱ्यानं फडफडत होता. मी सांगितलं. “लाटा न्हाईत, आवं. प्लॅस्टिक हाय.”

“प्लॅस्टिक?”

“स्ट्रॉबेरीचं.”

हेही हसायला लागले. वावरात फळं तोडणारी एक बाई कंबर सरळ करून उभी राहिली आणि दोन माणसांच्या सायकलकडं बघत राहिली. “कुठनं आलाय?” तिनं विचारलं. मी गाव सांगितलं. “एवढ्या लांबनं ही चालवत?” म्हणाली. जीपचं सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तिनं यांच्याकडं निरखून बघितलं आणि काय ते ओळखलं. ओंजळभर स्ट्रॉबेरी आणून यांच्या हातात दिल्या. “उन्हाच्या हायत, गोड लागतील,” म्हणाली. यांनी एक तोंडात घातली, एक मागून माझ्या खांद्यावरनं पुढं धरली. भांडण तिथं संपलं.

पुढं जमीन निमुळती व्हायला लागली. एका वळणावर झाडी संपली आणि दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी दिसलं. मी स्वतःहून थांबले. उतरले, यांनाही उतरवलं. सायकल दगडाला टेकवली आणि यांचा उजवा हात हातात घेतला. मूठ वळवली आणि अंगठा तेवढा बाहेर काढला.

“ही मूठ म्हंजे डोंगर,” मी म्हणाले. “घाट, मेढा, सगळं इकडं. ह्यो अंगठा म्हंजे ही जमीन. भावजींचं घर हितं, बुडाला. आपुन आता हितं हाय, नखाच्या अलीकडं. बाकी सगळीकडं पाणी.” मी माझा तळहात त्यांच्या अंगठ्याच्या डावीकडनं, पुढनं, उजवीकडनं फिरवला. “समोर परत डोंगर हायत. ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुठी.”

हे अंगठा चाचपत उभे राहिले. “नखापसनं पाणी किती लांब?”

“आपल्या गोठ्यापसनं नदी.”

“मंजे जवळच. आन् पाणी कसं हाय? लय हाय, ते कळलं.”

मी बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं, त्याला काय म्हणायचं असतं हे बाजूला ठेवून. वारा उलटसुलट येत होता आणि पाण्यावर पट्टे उठत होते. काही अंगाला चमक, काही अंगाला मातकट काळं. “मेंढरू कातरल्यावर,” मी म्हणाले, “कशी लोकर पडती एका तुकड्यात? वरनं मळकी आणि उलटी केली की आतनं पांढरी? तसं हाय. वारं ते सारकं उलटं-पालटं करतंय.”

हे गालात हसले. लग्नानंतर पहिल्या वर्षी ते माझ्या माहेरी आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना कातरणी दाखवली होती. जावई म्हणून हातात कात्रीही दिली होती आणि यांनी एका मेंढराची अशी गत केली होती की ते आठ दिवस कळपात तोंड खुपसून फिरत होतं.

“आन् काठाला?” यांनी विचारलं.

“काठाला माती उघडी पडलीय. पाणी उतरल्याच्या रेघा हायत, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. वाळलेल्या दुधाच्या पातेल्याला आतनं कडा धरत्यात बगा, तशा.”

“आता दिसलं,” हे म्हणाले.

टोकाला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिथं पाणी खाली गेल्यामुळं जमीन उघडी पडली होती, मोठी, सपाट, गाळाची. वर भेगा, त्यात उगवलेलं कोवळं गवत. एक झाड नाही, एक दगड नाही. काही म्हशी लांबवर चरत होत्या. भावजी मोटरसायकलला टेकून बसले होते. आम्ही शिदोरी सोडली. जेवताना यांनी पायातलं काढून गवतात पाय ठेवला होता आणि सारखे तळव्यानं जमीन दाबून बघत होते.

“सपाट हाय का?” यांनी भावजींना विचारलं.

“परेड ग्राउंडवानी.”

“झाडबीड?”

“कायबी न्हाई.”

“मग मी पुढं बसतो,” हे म्हणाले.

भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. भावजी म्हणाले, “गड्या, याड लागलं काय? तीन बाजूला पाणी हाय.”

“ते मला सांगितलंय हिनं,” हे म्हणाले आणि अंगठा वर करून दाखवला.

भावजींनी माझ्याकडं बघितलं. नको म्हणायचं काम त्यांना माझ्यावर सोपवायचं होतं. मला नको म्हणायचंच होतं. पण हे उठून सायकलकडं निघाले होते, हात पुढं धरून, एकटे. घराबाहेर, अनोळखी जमिनीवर, कुणाचा हात न मागता चालताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. थोडे डावीकडं चालले होते. “उजव्या हाताला,” एवढंच मी म्हणाले.

भावजींनी मोटरसायकलच्या पेटीतला पाना काढून पुढचं सीट वर केलं. मी मागं बसले. बसल्यावर कळलं की समोर फक्त यांची पाठ दिसते. रुंद पाठ, घामानं भिजलेला सदरा, बाकी काही नाही. मला एका बाजूला वाकून बघावं लागत होतं. म्हणजे इतके दिवस माझ्या पाठीमागं बसून हे ज्या भरवशावर पायडल मारत होते तो भरवसा किती मोठा होता ते तेव्हा मला समजलं.

“हुकूम दे,” हे म्हणाले.

“सरळ,” मी म्हणाले.

निघालो. आधी वेडंवाकडं, मग हँडल स्थिर झालं. भेगांवरून चाकं टकटक करत होती. “डावीकडं थोडं. बास. सरळ.” हे जोर वाढवायला लागले. वारा समोरून आला. म्हशींनी माना वर केल्या. आम्ही एक मोठा फेर घेतला आणि भावजींच्या समोरून गेलो तेव्हा हे हँडलवरचा एक हात काढून कडक सॅल्यूट ठोकून गेले. मी किंचाळले. भावजींनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या फेऱ्याला गवतातून एक टिटवी उडाली. आमच्या डोक्यावर येऊन टिवटिव करून तिनं रान डोक्यावर घेतलं. बहुतेक तिची अंडी जवळ असणार. “अंडी हायत, चाक जाईल!” मी ओरडले.

“कुटनं वळू?”

“उजवीकडं! आजून उजवीकडं!”

टिटवीच्या नादात मी समोर बघायचं विसरले. वाकून बघितलं तेव्हा पाणी अगदी पुढ्यात होतं. “रोको!” मी ओरडले. यांनी ब्रेक दाबला, पण खालची माती तिथं ओली होती. सायकल घसरत घसरत पाण्यात शिरली, पुढचं चाक गाळात रुतलं आणि आम्ही दोघंही सावकाश, लोळणाऱ्या म्हशीसारखे, एका कुशीवर पडलो. पाणी गुडघाभरही नव्हतं. गार होतं. भावजी पळत येत होते आणि पळतापळता काहीतरी ओरडत होते. मला कळलं की मला काही लागलेलं नाही. हे पाण्यात बसलेले होते, दोन्ही हात मागं गाळात टेकून, टोपी कुठंतरी गेलेली.

“आवं, लागलं का? बोला की!”

हे हसत होते. आवाज न करता आधी, मग मोठ्यानं. “सापडलं,” म्हणाले. “पाणी सापडलं मला.” ओंजळ भरून त्यांनी तोंडावर मारली, मग अंदाजानं माझ्याकडं एक ओंजळ उडवली, ती नेमकी भावजींच्या अंगावर गेली. माझे डोळे भरून आले होते, पण सगळंच ओलं होतं, त्यात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

टिटवी मात्र बराच वेळ शिव्या देत राहिली.

कपडे अंगावरच वाळवत आम्ही दुपारभर तिथं बसलो. साखळीत गाळ गेला होता, तो भावजींनी काडीनं उकरून काढला. परतताना पुढं मीच बसले. कुणी तसं ठरवलं नाही, हेच जाऊन मागं बसले. परतीच्या वाटेवर मी बोलत राहिले आणि सुचेल ते बोलले. काटेसावर म्हणजे आपल्या गल्लीतल्या लग्नाचा मांडव उतरवल्यावर राहिलेल्या पताका. अंजनीचं झुडूप म्हणजे निळीच्या पाण्यात बुडवून पिळायचं विसरलेलं फडकं. काही उपमा जमल्या, काही अगदीच फसल्या. फसली की हे मागून म्हणायचे, “कळलं न्हाई, दुसरं सांग.”

गावी आल्यावर एक फरक झाला. डेअरीला दूध घालायला मी किंवा शेजारचं कुणीतरी जायचं. परत आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर हे घरात नव्हते आणि गोठ्यातही नव्हते. किटली नव्हती. काठी माळ्यावरनं कुणी काढली ते मला आजही माहीत नाही. स्टुलावर चढून यांनीच काढली असणार. मी तशीच चपला घालून निघाले. डेअरीच्या कट्ट्यावर आठदहा माणसं बसलेली होती आणि मधे हे.

मी पाणपोईच्या आड थांबले. हे सांगत होते. डोंगर कसे पाण्यात उतरलेत, काठावर पाणी उतरल्याच्या रेघा कशा आहेत, समोरच्या काठावरनं निघालेली होडी कशी मुंगीएवढी दिसत होती आणि जवळ येता येता तिच्यात बसलेल्या बाईची लाल साडी आधी दिसली, मग बाई. मी ऐकत राहिले. होडीचं मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. मी होडी बघितलीच नव्हती. भावजींनी सांगितली असेल, नाहीतर केरळातली असेल.

“मासं घावत्यात का तितं?” कुणीतरी विचारलं.

“घावत्यात की. आमी आत बसून आलोय,” हे म्हणाले आणि कट्टा हसला.

मी पुढं गेले नाही. घरी येऊन चहा टाकला. थोड्या वेळानं गल्लीतून काठीचा आवाज आला, टक, टक, मधे थांबून परत टक. दारातल्या पायरीशी तो थांबला. मी उठले नाही, आधण उकळू दिलं. हे पायरी चढून आत आले, किटली जागेवर ठेवली आणि म्हणाले, “दुधाला फॅट चांगला लागला आज.”